पाणी शिरतं कुठून? बाईकवरच्या रेनगिअरबद्दल वाचकांचे प्रश्न

यावेळी फक्त पावसातल्या गिअरचे प्रश्न घेतलेत. बरेचसे एकसारखेच होते म्हणून एकत्र केले. आणि "सरळ ब्रँड सांगा ना" म्हणणाऱ्यांनी रागवू नका, ब्रँड सांगणार नाहीये, कारण एकाच कंपनीचा एक सूट भारी निघतो आणि त्याच कंपनीचा दुसरा एकदम भिकार. हातात घेऊन काय बघायचं तेवढं सांगतो, निवड तुमची.

प्रश्न : दादा, माझ्या रेनसूटच्या लेबलवर १०,००० एमएम वॉटरप्रूफ असं लिहिलंय. पण जोराच्या पावसात अर्धा-पाऊण तास गाडी चालवली की बरोबर दोन पायांच्या मधे ओलं होतं, बाकी सगळं कोरडं. फसवलं का मला? २०,००० वाला घ्यायला हवा होता का?

२०,००० वाला घेतला असता तरी तिथेच ओलं झालं असतं, पैज लावतो. तो आकडा काय आहे ते आधी बघू. कापडाच्या तुकड्यावर पाण्याचा उभा स्तंभ चढवत नेतात आणि किती उंचीला कापडातून पाणी पाझरायला लागतं ते मोजतात, १०,००० एमएम म्हणजे १० मीटर उंच पाण्याचा दाब, म्हणजे साधारण दर चौरस सेंटीमीटरला १ किलो. आता ७५ किलोचा माणूस सीटवर बसलाय आणि त्याच्या बुडाखाली समजा हजारेक चौरस सेंटीमीटर सीट आहे, तर सरासरी दाब किती झाला? १ किलोच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. घडी पडली, शिलाई दाबली गेली तर तिथे जास्त होईल, पण तरी कापडाला घाबरायचं कारण नाही. म्हणजे गुन्हेगार कापड नाहीये, शिलाई आहे!

आकडा तुकड्याचा असतो, सूटचा नसतो. सूट शिवताना सुईने हजारो भोकं पाडलेली असतात आणि नेमकी सगळ्यात जास्त शिवण मांडीच्या सांध्यात येते, चार-चार शिलाया एका जागी भेटतात. त्या आतून टेपने चिकटवून बंद केलेल्या असल्या पाहिजेत. पँट उलटी करून बघा, प्रत्येक शिलाईवर बोटभर रुंद पारदर्शक नाहीतर राखाडी पट्टी दिसायला हवी, आणि जिथे चार शिलाया मिळतात तिथे वरून अजून एक तुकडा लावलेला असला तर बनवणाऱ्याने डोकं वापरलंय असं समजा. काही सूटवर फक्त खांद्याच्या आणि मोठ्या शिलायांनाच टेप असते, लेबलवर मात्र ऐटीत सीम सील्ड, म्हणजे शिलाया बंद केलेल्या. दुसरं म्हणजे बाईकवर मांडीत तळं साचतं. जॅकेटवरून ओघळलेलं पाणी मांडीत येतं, टाकीच्या उतारावरून आलेलं पाणी सीटच्या खड्ड्यात येतं, आणि तुम्ही त्या तळ्यात बसून खड्ड्यांवर वरखाली होताय, म्हणजे तेच पाणी शिलाईत परत परत दाबताय. चालणाऱ्या माणसाच्या रेनकोटला हा त्रासच नसतो, म्हणून ट्रेकिंगवाल्या मित्राने "माझा तर मस्त चालतो" सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

तर घेताना असं बघा. पँटला पुढे चेन नसलेली सगळ्यात बरी, कमरेला नुसतं इलास्टिक आणि नाडी. मांडीच्या मधे वेगळा चौकोनी किंवा पतंगाच्या आकाराचा तुकडा जोडलेला असला तर शिलाया एका बिंदूत येत नाहीत, ताणही कमी पडतो. जॅकेट मागून लांब आणि पँटवर किमान वीतभर उतरणारं हवं. हे सगळं आरशासमोर उभं राहून कळत नाही, शक्य असेल तर बाईकवर बसून बघा, हात हँडलवर ठेवून, गुडघे वाकवून, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून. उभं असताना परफेक्ट बसलेला सूट बाईकवर बसल्यावर पोटरीवर चढतो आणि मनगट उघडं टाकतो.

घरी आणल्यावर एक टेस्ट करा. पँट उलटी करून कमरेचा भाग पिशवीसारखा धरा आणि मधे दोन-तीन तांबे पाणी ओता, म्हणजे पाणी बाहेरच्या कापडाकडून लागेल आणि अस्तराची बाजू तुम्हाला दिसेल. दहा मिनिटं टांगून ठेवा. थेंब आले तर परत द्यायची मुदत आहे तोवर देऊन टाका. तुमच्या सध्याच्या सूटला सीम सीलर मिळतो, ट्यूबमधला, तो आतून लावून वाळवून बघा, बऱ्याचदा तेवढ्यात काम होतं.

प्रश्न : पाऊस एक थेंबही आत येत नाही पण घामाने आतून चिंब होतो. ब्रीदेबल, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणारा घेतला तर फरक पडेल का? की नुसती जाहिरात?

फरक पडतो, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही.

साधा पीव्हीसीचा सूट म्हणजे प्लास्टिकच, पाणी आत नाही आणि वाफ बाहेर नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराला तो उत्तम, आणि काही लोक उगाच नाकं मुरडतात त्याला, पण जवळच्या जवळ जाणाऱ्याने महागातलं कशाला घ्यायचं. थंडीत तो ताठ होतो आणि घडीवर चिरतो एवढं लक्षात ठेवा. त्याच्या वरची पायरी पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं कोटिंग असलेलं नायलॉन किंवा पॉलिस्टर, हलकं, मऊ, छोटं घडी होणारं, बहुतेकांना हेच पुरतं. सगळ्यात वर मेम्ब्रेन, म्हणजे कापडाला जोडलेला अगदी पातळ पडदा. गोअर-टेक्स नाव ऐकलं असेल, १९६९ मध्ये बॉब गोअरने पीटीएफई म्हणजे टेफलॉनच्या जातीचं प्लास्टिक झटका देऊन ताणलं आणि त्याची सूक्ष्म भोकांची जाळी झाली, ती भोकं एवढी बारीक की पाण्याचा थेंब आत येऊ शकत नाही पण वाफ बाहेर जाते. आता दुसऱ्याही बऱ्याच कंपन्यांची मेम्ब्रेनं आहेत, काही पीयूची.

पण वाफ बाहेर जायला आत जास्त आणि बाहेर कमी अशी परिस्थिती लागते. बाहेरची हवाच गरम आणि दमट असेल तर वाफ जाणार कुठे? म्हणून दमट गरम हवेत सगळ्यात महागडा सूटसुद्धा आतून ओलसर वाटतो, तेव्हा सूटला शिव्या देऊ नका. अशा हवेत मेम्ब्रेनपेक्षा काखेखालच्या चेना आणि पाठीवरच्या फ्लॅपखालची जाळी जास्त कामाची. आत काय घालता तेही बघा, सुती टी-शर्ट घाम धरून बसतो आणि वारा लागला की गारठवतो, पॉलिस्टरचा स्पोर्ट्स टी-शर्ट घाला, लवकर वाळतो.

आणि अजून एक. नव्या सूटवर पाण्याचे थेंब मोत्यासारखे ओघळतात ना, ती बाहेरच्या कापडावरची वेगळी कोटिंग असते, डीडब्ल्यूआर म्हणतात. ती झिजली की बाहेरचं कापड पाणी पितं आणि ओल्या कापडातून वाफ जाईनाशी होते, मग आत घाम साचतो आणि माणूस म्हणतो सूट गळायला लागला. गळत नसतो तो. धुऊन परत स्प्रे मारायची वेळ झालेली असते.

प्रश्न : माझ्याकडे आर्मरवालं, म्हणजे आत संरक्षक पॅड असलेलं रायडिंग जॅकेट आहे, त्यात काढता येणारा वॉटरप्रूफ लायनर म्हणजे आतला थर आहे. तरी वरून रेनसूट घ्यावा का? बायको म्हणते एकदा घेतलंय ना आता परत कशाला.

वहिनींचं म्हणणं पैशाच्या हिशोबाने बरोबर आहे, पण पावसात मी वहिनींच्या विरुद्ध मत देणार.

आतला लायनर तुम्हाला कोरडं ठेवतो, जॅकेटला नाही. जॅकेट बाहेरून पाणी पितं, किलो-दोन किलो जड होतं, त्या ओल्या कापडावर वारा लागून ते थंड पडतं आणि तो गारवा लायनरमधून अंगाला लागतो. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट जास्त वेगाने उष्णता ओढून नेतं, म्हणून ओलं होऊन वाऱ्यात बसलेला माणूस थंडी फार नसली तरी कुडकुडतो. शरीराचं आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया म्हणतात, पण त्याच्या कितीतरी आधी बोटं बधिर होतात, क्लच-ब्रेकला उशीर होतो, निर्णय मठ्ठ होतात. शिवाय खिसे लायनरच्या बाहेर, म्हणजे पाकीट आणि मोबाईल भिजला. आणि सगळ्यात वैताग म्हणजे पाऊस आला की रस्त्याच्या कडेला जॅकेट काढून लायनर जोडत बसायचं, बाहीतली बटणं शोधायची, तोवर भिजून झालेलं असतं. लायनर घरूनच लावून निघालात तर ऊन पडल्यावर उकडून जीव जातो.

वरून घालायचा रेनसूट खाली काय घातलंय त्याची फिकीर करत नाही, जॅकेट कोरडं राहतं, पाऊस थांबला की काढून बॅगेत. म्हणून दोन्हीपैकी एकच असेल तर मी वरचा घेईन. लायनर टाकून देऊ नका, थंडीत वारा अडवायला छान असतो.

तिसरा प्रकार लॅमिनेटेड जॅकेट, मेम्ब्रेन थेट बाहेरच्या कापडालाच चिकटवलेलं. पाणी बाहेरच थांबतं, कापड जड होत नाही, काढ-घाल नाही. रोज दूरवर जाणाऱ्यांसाठी हे सगळ्यात सोयीचं, पण महाग, आणि उन्हात हवा कमी खेळते.

एक गोष्ट मात्र पक्की. नुसता रेनसूट घालून रायडिंग जॅकेट घरी ठेवायचं नाही. रेनसूटचं पातळ कापड रस्त्यावर घासलं तर क्षणात फाटतं. मोटरसायकलच्या कपड्यांसाठी युरोपात ईएन १७०९२ हे मानक आहे, त्यात घासण्याच्या, फाटण्याच्या टेस्ट असतात, आणि पावसाच्या कपड्यांसाठी ईएन ३४३, ज्यात पाणी आणि वाफेचाच विचार. दोन वेगळी कामं आहेत. रेनसूटच्या लेबलवर ३४३ दिसलं म्हणून पडल्यावर वाचवेल असं होत नाही. साईझ घेताना जॅकेट आणि आर्मर घालूनच ट्राय करा, बहुतेकांना एक नंबर मोठा लागतो, पण दोन-तीन नंबर मोठा घेतलात तर वाऱ्यात फुगून फडफडतो आणि शिलाया उसवतात.

प्रश्न : वन पीस की टू पीस?

तासन्‌तास सलग पावसात चालवणार असाल तर वन पीस, कारण कमरेची फटच नाही. रोजच्या वापराला टू पीस, कारण बारीक भुरभुर असेल तर नुसतं जॅकेट चालतं, पँट फाटली तर पँटच बदलता येते, आणि बाथरूमला जायचं तर अख्खं सोलून निघावं लागत नाही. वन पीस चिखलात एका पायावर उभं राहून घालायची सर्कस ज्याने केलीय त्याला विचारा. टू पीसमध्ये पँट छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली मिळाली तर दोन्हीचा फायदा, पण ती सहज मिळत नाही.

प्रश्न : स्कूटर चालवते. पॉंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा झग्यासारखा सैल रेनकोट घातला तर बॅग, कपडे सगळंच झाकलं जातं, घालायलाही सोपा. चालेल का?

नाही ताई. चालताना घाला, दुचाकीवर नको. वाऱ्याने पॉंचो उडून तोंडावर येतो, आरसे झाकतो, इंडिकेटर आणि मागचा लाईट झाकतो, आणि सैल टोक मागच्या चाकात गेलं तर माणूस खाली खेचला जातो. मागे बसणाऱ्याने तर अजिबातच घालू नये. दोघांनाही वेगवेगळे जॅकेट-पँट. बॅगेला रोल टॉप ड्राय बॅग बघा, तोंड तीन-चार वेळा घट्ट गुंडाळून बकल लावायचं. बॅगेवरच्या इलास्टिकच्या कव्हरमध्ये पाठीकडून पाणी शिरतं आणि तळाशी साचतं.

प्रश्न : हातमोजे बाहीच्या आत की बाहेर? दरवेळी बोटं भिजतात. वॉटरप्रूफ ग्लोव्हजवर खर्च करून झालाय.

बाही मोज्यावर. बहुतेक बाईकवर हात खांद्यापेक्षा खाली असतात, म्हणजे पाणी खांद्यावरून कोपरावरून मनगटाकडेच ओघळणार, मोजा बाहेर ठेवला तर त्याचं तोंड म्हणजे नरसाळं. मोजा आत, त्यावर रेन जॅकेटची बाही, वेल्क्रो घट्ट. हँडल खूप उंच असलेल्या बाईकवर हात वर असतात, तिथे उलटं करून बघा.

ग्लोव्हज घेताना मनगट लांब असलेले घ्या, आखूड मोजा बाहीतून निसटतो. अस्तर बोटांना चिकटवलेलं आहे का ते बघा, म्हणजे मोजा घालून हात ओढून काढा, आतलं अस्तर हाताबरोबर बाहेर येत असेल तर घेऊ नका, कारण ओल्या हाताने परत घालताना ती बोटं आत ढकलत बसावं लागतं आणि ट्रॅफिकमध्ये त्यापेक्षा मोठी शिक्षा नाही. डाव्या अंगठ्यावर किंवा तर्जनीवर रबराची पट्टी असते व्हायझर म्हणजे हेल्मेटची काच पुसायला, छोटी गोष्ट पण खूप कामाची. आणि जाडजूड घेऊ नका, पावसात लिव्हरचा अंदाज बोटांना लागायला हवा.

खर्च करून झालाच आहे म्हणताय तर तात्पुरता उपाय, आतून पातळ नायट्राईलचे डॉक्टरवाले मोजे घाला. हात घामट होतील पण वारा लागून गारठणार नाहीत.

प्रश्न : शू कव्हर घेऊ की गमबूट?

शू कव्हर छोट्या अंतराला. घेताना दोनच गोष्टी, तळाला जाड खाचांचा रबरी सोल आहे का आणि डाव्या पायाच्या वर, जिथे गिअर लिव्हर लागतो, तिथे जाड पट्टी आहे का. सोल नसलेलं नुसत्या कापडाचं कव्हर ओल्या टाईल्सवर, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर पाय टेकला की घसरतं, आणि पाय घसरला की उभी बाईक पडते. गमबूट पाणी अडवतो पण घोट्याला काही संरक्षण नाही, ढगळ असतो, गिअर टाकताना समजत नाही. रोजचं असेल तर घोट्याच्या वर येणारा वॉटरप्रूफ रायडिंग बूट घ्या. पँट बुटाच्या बाहेर, नेहमी. आत खोचली तर बूट बादली होतो, आणि वॉटरप्रूफ बुटात शिरलेलं पाणी बाहेरही येत नाही, संध्याकाळपर्यंत पाय त्यातच.

प्रश्न : नव्या पँटचा उजव्या पायाचा आतला भाग सायलेन्सरला लागून वितळला. काही इलाज?

त्याला ठिगळ लावून पाणी थांबेल, शोभा नाही. पुढची घेताना आतल्या पोटरीवर उष्णता सहन करणारा जाड तुकडा शिवलेला बघून घ्या, सायलेन्सर ज्या बाजूला त्या पायाला तरी हवाच. खाली घोट्याला वेल्क्रोची पट्टी घट्ट आवळा, सैल कापडच जाऊन चिकटतं. तीच पट्टी दुसऱ्या पायाचं कापड बाईकच्या चेनपासूनही लांब ठेवते. वितळलेलं प्लास्टिक सायलेन्सरवरून इंजिन पूर्ण थंड झाल्यावर खरवडा.

प्रश्न : पावसात हेल्मेटची काच आतून धुकट होते, उघडली तर डोळ्यात पाणी, बंद केली तर दिसत नाही. आणि मानेवरून पाणी आत जातं ते वेगळंच.

श्वासातली वाफ थंड काचेला लागून पाणी होते, म्हणून काच आतून थंड लागणार नाही अशी सोय करायची. सगळ्यात चांगला उपाय पिनलॉक, म्हणजे व्हायझरच्या आत दुसरी पातळ काच, कडेने सिलिकॉनची रेघ, मधे हवेचा थर. तो हवेचा थर थंडी आत येऊ देत नाही. त्यासाठी व्हायझरला दोन बाजूंना छोट्या पिना लागतात, तुमच्या हेल्मेटच्या मॉडेलला तसा व्हायझर मिळतो का ते बघा, आणि नवीन हेल्मेट घेणार असाल तर हे आधी विचारा, रंग नंतर. दोन काचांच्या मधेच धुकं धरलं तर सिलिकॉन नीट टेकत नाहीये, पिना थोड्या फिरवून घट्ट कराव्या लागतात. ती आतली काच कोरड्या रुमालाने घासू नका, मऊ असते, चरे पडतात.

पिनलॉक नसेल तर अँटी-फॉग स्प्रे, पण तो परत परत मारावा लागतो. नाकावरचं रबरी ब्रेथ गार्ड लावा, हनुवटीची खिडकी उघडी ठेवा. बाहेरून पाणी ओघळावं म्हणून गाडीच्या काचेचं लिक्विड व्हायझरला फासतात काही जण, ते काचेसाठी असतं, व्हायझर पॉलिकार्बोनेटचा, त्याला सॉल्व्हंट लागला तर तो धुरकट होतो किंवा बारीक तडे जातात. प्लास्टिकला चालतं असं बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. आणि काळा व्हायझर पावसाळी संध्याकाळी नको म्हणजे नको.

मानेचं म्हणाल तर हेल्मेटच्या मागच्या कडेवरून पाणी थेट कॉलरमध्ये पडतं. कॉलर उंच आणि आवळता येणारी हवी. गळ्यात सुती रुमाल बांधता किंवा बफ, म्हणजे गळपट्ट्यासारखी कापडी नळी घालता का? त्याचं टोक कॉलरबाहेर राहिलं तर ते दिव्याच्या वातीसारखं पाणी ओढून आत पोचवतं, छातीपर्यंत ओलं होतं आणि वाटतं चेन गळतेय. पूर्ण आत खोचा. पुढच्या चेनवर दोन पदरी फ्लॅप आणि मधे पन्हाळीसारखी घडी असेल तर चेनमधून आलेलं पाणी तिथूनच खाली उतरतं. जॅकेटला टोपी असेल तर हेल्मेटबाहेर सोडू नका, वाऱ्यात फुगून मान मागे ओढते, गुंडाळून कॉलरमध्ये कोंबा. पातळ टोपी हेल्मेटच्या आत घालणारेही आहेत, गळती थांबते खरी, पण हेल्मेट सैल किंवा घट्ट होत नाही ना हे तपासून मगच.

प्रश्न : काळा रेनसूट मळत नाही म्हणून आवडतो. मुलगी म्हणते, बाबा पिवळाच घ्या. रंगाने खरंच काही होतं?

मुलीचं ऐका काका. पावसात समोरच्या गाडीवाल्याची काच ओली, वायपर चालू, उजेड कमी, त्यात राखाडी रस्त्यावर काळ्या सूटमधला माणूस म्हणजे नसल्यासारखाच. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला मोटरसायकलवाल्यांवर एक मोठा अभ्यास झाला होता, २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला, त्यात फ्लोरोसंट किंवा रिफ्लेक्टिव्ह कपडे घालणाऱ्यांना इजा होणाऱ्या अपघाताचा धोका ३७ टक्क्यांनी कमी दिसला, आणि काळ्या हेल्मेटपेक्षा पांढऱ्या हेल्मेटवाल्यांना २४ टक्क्यांनी कमी.

पण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत हे दुकानात लक्षात ठेवा. फ्लोरोसंट पिवळा-केशरी दिवसा चमकतो कारण तो उजेडातले न दिसणारे अतिनील किरण घेऊन दिसणारा प्रकाश बाहेर टाकतो, ढगाळ दिवशी तर जास्तच उठून दिसतो. रात्री अतिनील किरणच नसतात, मग तो साधा फिकट रंग. रात्री काम करतात त्या चंदेरी रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या, त्या हेडलाईटचा उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवतात. नुसती पाठीवर कंपनीच्या नावाची बारीक चंदेरी अक्षरं असतील तर ती शोभेची. पट्टी दंडावर, पाठीवर आणि पँटच्या घोट्याशी हवी, बाजूने येणाऱ्याला दिसायला. काळा घरी आहेच तर त्यावर फ्लोरोसंट जाळीचं व्हेस्ट घाला, पण ते घट्ट बसणारं आणि रेनसूटच्या वरून, आत नाही, हे सांगावं लागतं कारण आत घालणारेही दिसतात रस्त्यावर.

प्रश्न : मागच्या वर्षीचा सूट काढला तर आतून कोटिंगचे पापुद्रे निघतायत, चिकट झालाय आणि वास मारतोय. धुतला तर ठीक होईल का?

पापुद्रे निघाले तो गेला, त्याला परत जीव येत नाही. पीयू कोटिंग ओलाव्याने आणि उष्णतेने हळूहळू विघटित होतं, आधी चिकट होतं मग सुटतं, आणि ओला सूट पिशवीत कोंबून डिकीत ठेवला की हे काम जोरात चालतं. तो आता बाईकवर टाकायचं कव्हर म्हणून वापरा.

नव्याला असं सांभाळा. घरी आलं की लगेच हँगरला, सावलीत, पंख्याखाली, आधी सरळ मग उलटा करून, कारण आतला घामही वाळला पाहिजे. कडक उन्हात नको. चिखल नुसत्या पाण्याने काढा. अधूनमधून कोमट पाण्यात सौम्य लिक्विड साबणाने हाताने धुवा, चेना आणि वेल्क्रो लावून, वेल्क्रो उघडा राहिला तर कापड ओरबाडतो. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही, तो डीडब्ल्यूआरची वाट लावतो. पिळायचा नाही, निथळू द्यायचा. मेम्ब्रेनवाल्या कपड्यांना लेबलवर परवानगी असेल तर मंद उष्णता दिली की डीडब्ल्यूआर बऱ्याचदा परत जागं होतं, साध्या पीव्हीसीला मात्र इस्त्री दाखवू पण नका. थेंब ओघळायचे थांबले की स्प्रे.

पाऊस संपल्यावर कडक घडी घालून कपाटाच्या तळाशी दाबू नका, सैल गुंडाळा किंवा टांगून ठेवा, आणि पुढच्या पावसाच्या आधी एकदा उलटा करून शिलायांची टेप नखाने चाचपून बघा, कुठे सुटली असेल तर तेव्हाच सीलर लावता येतो आणि वाळायला दिवसभर वेळही मिळतो.

प्रश्न : सूट चांगला आहे, तुम्ही सांगितलेल्या सगळ्या गोष्टी त्यात आहेत, तरी दरवेळी आतून भिजतोच. काय चुकतंय?

घालता कधी? "आत्ता थांबेल, अजून थोडं पुढे जाऊ" करत करत अर्धं भिजून झाल्यावर वरून सूट चढवला तर आतलं ओलं आतच कोंडतं, मग सूट कितीही भारी असो. समोर ढग उतरलेले दिसले, समोरून येणारे बाईकवाले ओले दिसले की आडोसा बघून थांबा आणि कोरड्यातच घाला. सूट बॅगेत सगळ्यात वर ठेवा, तळाशी नको. पँट आधी, मग बूट नीट झाकले का ते, मग जॅकेट, शेवटी मोजे, आणि बाहीचे वेल्क्रो मोजे घातल्यावर लावायला जमत नसतील तर हेल्मेट घालण्याआधी दातांनी ओढा, सगळे तेच करतात.

आणि निघाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं हळू चालवा, नुकत्या पडलेल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येऊन सगळ्यात जास्त घसरतं. वेग कमी ठेवला की गळतीही कमी होते, वेग दुप्पट झाला की पाणी आदळायचा जोर चौपट होतो आणि जी फट चाळीसला गप्प बसते ती ऐंशीला गळायला लागते.